संगीत रंगभूमी : देखावा आणि गायकी

काही महिन्यांपूर्वी नाट्यसंगीताच्या एका कार्यक्रमाला जाण्याचा योग आला. रंगमंचाच्या मागच्या भिंतीएवढा प्रकाशपडदा होता आणि त्यावर कमळे उमलत होती. समेवर दिवे लाल होत, अंतऱ्याला निळे होत. गायिका तयारीची होती. तिचा आवाज तिन्ही सप्तकांत सहज फिरत होता. एका पदात तिला एक जागा विशेष साधली आणि सभागृहातून उत्स्फूर्त 'वन्स मोअर' आला. ती थांबली, तिने वादकांकडे पाहिले, किंचित हसली आणि हात जोडून पुढच्या पदाकडे वळली. मध्यंतरात एका परिचित वादकाने कारण सांगितले. दिवे, पडद्यावरची चित्रे आणि काही वाद्यांचे आधी ध्वनिमुद्रित केलेले भाग हे सगळे एकाच घड्याळाला जोडलेले होते. पद पुन्हा घ्यायचे म्हणजे सगळी यंत्रणा मागे न्यायची. ते शक्य नव्हते.

शेजारचे एक ज्येष्ठ रसिक उद्गारले, "आमच्या वेळी असं नव्हतं. तेव्हा लोक गाणं ऐकायला यायचे, रोषणाई बघायला नाही." हे वाक्य आपण सर्वांनीच कधी ना कधी ऐकलेले असते आणि वय वाढते तसे उच्चारूही लागतो. पण ते खरे आहे का? मराठी लोकांनी ज्या संगीतावर सर्वाधिक प्रेम केले, जे राजवाड्यात नव्हे तर तिकीट काढून, गर्दीत बसून ऐकले, त्या नाट्यसंगीताच्या इतिहासात देखावा आणि गायकी यांचे नाते नेमके कसे होते? प्रस्तुत लेखात त्याचाच थोडा मागोवा घ्यावा असे वाटले.

आरंभीच एक गोष्ट मान्य करायला हवी. आपल्या रंगभूमीवर देखावा हा उशिरा शिरलेला उपरा पाहुणा नाही. तो गायकीच्या आधीपासून घरात आहे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' केले आणि पुढच्या तीन-चार दशकांत पौराणिक नाटक मंडळ्या गावोगाव फिरू लागल्या. या नाटकांचा जो ठसा लोकांच्या मनावर उमटला तो राक्षसांचा. पेटलेल्या राळेच्या लोळातून, आरोळ्या ठोकत राक्षस प्रवेश करी. म्हणूनच पुढच्या पिढीने त्या नाटकांना काहीशा चेष्टेने 'अललडुर्र' किंवा 'तागडथोम' हे नाव दिले. गाणे होते, पण ते सूत्रधाराकडे असे. तो आणि त्याचे साथीदार पदे म्हणत आणि पात्रे त्या पदांना अनुसरून हालचाली व भाषणे करीत. म्हणजे ज्याच्याकडे बघायचे तो गात नसे, आणि जो गाई त्याच्याकडे कोणी बघत नसे. डोळ्यांचे आणि कानांचे खाते वेगवेगळे होते.

ही दोन खाती एकत्र करण्याचे श्रेय बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्करांचे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात 'संगीत शाकुंतल'च्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग झाला. पारशी मंडळीचे 'इंद्रसभा' पाहून अण्णासाहेबांच्या मनात संगीत नाटकाची कल्पना आली, ही हकीकत सर्वश्रुत आहे. पारशी रंगभूमी म्हणजे रंगवलेले पडदे, यांत्रिक करामती, क्षणात बदलणारी दृश्ये. अण्णासाहेबांनी तिच्याकडून गाण्याची प्रेरणा घेतली. पण त्यांची खरी क्रांती अशी की शकुंतलेचे पद शकुंतलाच म्हणू लागली. मोरोबा वाघोलीकर आणि बाळकोबा नाटेकर यांसारखे गायक नट त्यांना लाभले आणि १८८२ पासून भाऊराव कोल्हटकर. 'शाकुंतल'मध्ये दोनशेच्या आसपास पदे होती. साक्या, दिंड्या, कामदा, लावणीच्या व कीर्तनाच्या परिचित चाली. बहुतेक पदे लहान, संवादाचाच एक तुकडा असल्यासारखी.

येथे आजच्या वाचकाने एक गोष्ट आवर्जून ध्यानात घ्यावी. तेव्हा ध्वनिक्षेपक नव्हता. शेवटच्या रांगेतल्या चार आणेवाल्या प्रेक्षकापर्यंत शब्द आणि सूर पोचवण्याचे एकमेव यंत्र म्हणजे नटाचा गळा. त्यामुळे त्या काळात 'गायकी' म्हणजे काय याचे उत्तर अंशतः नाटकगृहाच्या लांबीरुंदीने ठरवलेले होते. उंच पट्टी, टोकदार आणि पल्लेदार आवाज, स्वच्छ शब्दोच्चार हे गुण आधी गरजेचे होते, सौंदर्याचे नंतर झाले. भाऊरावांचा आवाज ज्यांनी ऐकला त्यांनी त्याच्या उंचीचे आणि धारेचेच वर्णन केले आहे. १९०१ साली त्यांचे निधन झाले तेव्हा किर्लोस्कर मंडळीपुढे प्रश्न उभा राहिला तो एका गळ्याच्या जागेचा होता. चेहरे आणि वस्त्रे मिळू शकत होती, गळा मिळत नव्हता.

तो १९०५ साली मिळाला. नारायण श्रीपाद राजहंस, जन्म २६ जून १८८८. लोकमान्यांनी 'बालगंधर्व' म्हटल्याची आख्यायिका तोवर त्यांच्या नावाला चिकटलेली होतीच. आमच्या विषयाच्या दृष्टीने बालगंधर्व हे सर्वांत अवघड प्रकरण आहे. कारण देखावा आणि गायकी हे परस्परांचे शत्रू आहेत असे मानणाऱ्याची या एका माणसापाशी पुरती पंचाईत होते.

प्रथम गायकीची बाजू पाहू. १९११ साली खाडिलकरांचे 'मानापमान' रंगभूमीवर आले. गोविंदराव टेंबे यांनी त्याला चाली दिल्या. पहिल्या प्रयोगाच्या दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली आणि तरीही त्यांनी भामिनी उभी केली, ही घटना मराठी माणूस आजही सांगतो. पण त्या नाटकाचे सांगीतिक महत्त्व त्या घटनेच्या छायेत कधीकधी झाकले जाते. टेंब्यांनी ठुमरी-दादऱ्याच्या पूरब अंगाचे रंग आणि रागदारीचे वळण नाट्यपदात आणले. पदांची संख्या कमी झाली, प्रत्येक पदाचा अवकाश वाढला. १९१३ साली किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि टेंबे यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. १९१६ च्या 'स्वयंवर'ला चाली दिल्या त्या भास्करबुवा बखले यांनी. ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर या तिन्ही घराण्यांची विद्या ज्यांनी कष्टाने मिळवली होती असा हा गवई, आणि लहानपणी स्वतः किर्लोस्कर मंडळीत वावरलेला. 'स्वयंवर'च्या पदांतून ख्यालाची बंदिश थेट रुक्मिणीच्या तोंडी आली. ज्या कारकुनाने, शिक्षकाने, दुकानदाराने आयुष्यात गवयाची मैफल ऐकली नव्हती, त्याच्या कानावर राग पडला तो नाटकगृहात. भीमपलास किंवा यमन हे नाव त्याला ठाऊक नसेलही, पण त्याचा चेहरा तो ओळखू लागला. मराठी समाजात शास्त्रीय संगीताला जो व्यापक श्रोतृवर्ग लाभला त्यात या तिकिटाच्या खिडकीचा वाटा फार मोठा आहे.

साथीचेही तसेच. मंडळीच्या साथीला तबल्यावर अहमदजान थिरकवा होते, तेही अनेक वर्षे. सारंगीवर कादरबक्ष, ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे. आज थिरकवांचे नाव आपण देशातल्या सर्वश्रेष्ठ तबलावादकांत घेतो. असा वादक रोज रात्री एका नाटक कंपनीच्या खड्ड्यात बसून रुक्मिणी आणि सिंधूच्या गाण्याला ठेका देत होता. लोकप्रिय संगीताच्या कोणत्याही व्यासपीठावर इतकी विद्या क्वचितच एकवटली असेल.

आता दुसरी बाजू. याच मंडळीच्या रंगमंचावर खरे भरजरी शालू होते, खरे दागिने होते, उंची गालिचे होते आणि नाटकगृहात अत्तराचा दरवळ होता. बालगंधर्वांचे नेसणे, केशभूषा, गजरा माळण्याची रीत यांचे अनुकरण पुण्या-मुंबईच्या पांढरपेशा घरांतल्या स्त्रिया करीत. पुरुषाने साकारलेली स्त्री ही खऱ्या स्त्रियांसाठी वळण ठरावी, हा देखाव्याच्या सामर्थ्याचा यापेक्षा मोठा पुरावा कोणता? आणि हे केवळ मिरवणे नव्हते. बालगंधर्वांची अशी श्रद्धा होती की प्रेक्षकाला मायबाप म्हणायचे तर त्याच्यापुढे खोटे ठेवायचे नाही. जसा सूर खोटा चालणार नाही, तशी जरही खोटी चालणार नाही. त्यांच्या मनात या दोन गोष्टी एकाच निष्ठेची दोन रूपे होती.

तेव्हा "आमच्या वेळी लोक गाणं ऐकायला यायचे, रोषणाई बघायला नाही" हे वाक्य इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. लोक दोन्हींसाठी येत. किंबहुना दोन्ही एकाच देहात मिळत म्हणून येत.

मग संघर्ष कुठे होता? तो पहिल्यांदा दिसतो जमाखर्चाच्या वहीत. गाणे आणि देखावा यांचा खर्च वेगळ्या जातीचा असतो. गाण्याचा खर्च वेळेत होतो. भास्करबुवांसमोर बसून घालवलेली वर्षे, पहाटेचा रियाज, वादकांचे दरमहाचे पगार. हा खर्च हळूहळू होतो आणि एकदा झाला की वाढत जाणाऱ्या ठेवीसारखा असतो. शंभराव्या प्रयोगात गाणे पहिल्यापेक्षा जास्त मुरलेले असते. देखाव्याचे उलट. तो पहिल्या प्रयोगाच्या आधी, एकरकमी आणि बहुधा कर्जाने उभा करावा लागतो. आणि शंभराव्या प्रयोगापर्यंत तो विटतो. शिवाय पुढचे नाटक मागच्यापेक्षा फिके दिसून चालत नाही. १९२० साली 'द्रौपदी' आले. मयसभेच्या थाटामाटासाठी मंडळीने पाण्यासारखा पैसा ओतला. नाटकातली पदे लोकांना आवडली, पण खर्च भरून निघाला नाही. गंधर्व मंडळी कर्जाच्या विळख्यात सापडली ती कित्येक वर्षे सुटली नाही. हे कर्ज एकट्या 'द्रौपदी'चे नव्हते, व्यवहारातली बेफिकिरीही त्याला कारण होती. तरी देखाव्याचे हे अर्थशास्त्र त्यामागे होतेच. आणि हे कर्ज फेडले कशाने? गाण्याने. त्याच त्या जुन्या नाटकांचे प्रयोग पुन्हापुन्हा लावून, रात्रीमागून रात्र गाऊन. डोळ्यांनी केलेली उधळपट्टी गळ्याने फेडली.

याच्या अगदी उलट उदाहरण त्याच मंडळीत वर्षभर आधीचे आहे. १९१९ चे 'एकच प्याला'. गडकरी ते रंगभूमीवर येण्याआधीच गेले. पदे वि. सी. गुर्जरांनी लिहिली आणि अनेक चाली सुंदराबाई जाधवांकडून आल्या. नायिका सिंधू दारिद्र्यात जाते, जात्यावर दळण दळते. भरजरी शालूला या नाटकाच्या उत्तरार्धात जागाच नाही. तरीही हे नाटक बालगंधर्वांच्या सर्वांत गाजलेल्या नाटकांपैकी एक ठरले. शालूशिवायही गाणे उभे राहते, एवढे तरी यातून सिद्ध व्हावे. अर्थात कुणी म्हणेल की भरजरी भामिनीला पाहिलेल्या प्रेक्षकालाच फाटक्या वस्त्रातली सिंधू हलवून गेली, तेव्हा तोही एका परीने देखावाच. हा आक्षेप मला खोडून काढता येत नाही.

दुसरा संघर्ष अधिक सूक्ष्म आहे, आणि तो पाहिला म्हणजे लक्षात येते की 'देखावा विरुद्ध गायकी' ही मांडणीच अपुरी आहे. गायकी स्वतःच देखावा होऊ शकते. १९१० ते १९३० या काळात नाट्यपद लांबत गेले. ग्रामोफोनच्या तबकडीवर जे पद तीन-सव्वातीन मिनिटांत बसवावे लागे, ते रंगमंचावर पंधरा-वीस मिनिटे चाले. त्यावर वन्स मोअर. मग पुन्हा. नाटक रात्री सुरू होई आणि पहाटे संपे. समोर प्रियकर ताटकळत उभा आहे, संकट दाराशी आले आहे आणि नायिका मात्र तानेमागून तान घेते आहे, अशी स्थिती. नाट्य थांबे आणि मैफल सुरू होई. ज्यांना नाटक हवे होते ते चिडत, ज्यांना गाणे हवे होते ते सुखावत. गाणे ऐकायला आलेल्यांतही पुन्हा दोन वर्ग होते. एकाला स्वराचा लगाव आणि शब्दाचा भाव हवा होता, दुसऱ्याला दमसास आणि तानेचा सपाटा. दुसऱ्या वर्गाच्या टाळ्या अधिक मोठ्याने वाजतात, हा सनातन नियम आहे.

या संदर्भात ८ जुलै १९२१ ची ती प्रसिद्ध रात्र आठवावी. टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी मुंबईच्या बालीवाला थिएटरात गंधर्व मंडळी आणि ललितकलादर्श यांनी 'संयुक्त मानापमान' केले. बालगंधर्वांची भामिनी, केशवराव भोसल्यांचा धैर्यधर. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक एका रंगमंचावर. या प्रयोगाच्या जितक्या हकीकती सांगितल्या जातात त्यांत नाटकाविषयी फारसे काही नसते. कोण कोणावर चढले, कोणाच्या पदाला किती वन्स मोअर मिळाले, याचीच चर्चा असते. म्हणजे ती रात्र गायकीची होती हे खरे, पण कुस्तीच्या फडासारखी गायकीची. केशवराव म्हणजे रामकृष्णबुवा वझ्यांच्या तालमीत तयार झालेला, तडफदार, झेपावणारा गळा. बालगंधर्व म्हणजे लयीशी लाडिकपणे खेळणारा, पदाला कुरवाळणारा स्वर. दोन भिन्न सौंदर्यदृष्टी समोरासमोर आल्या होत्या, आणि आपण मात्र त्या रात्रीचे स्मरण निकालाच्या भाषेत करतो. पुढे अवघ्या तीन महिन्यांत, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी केशवराव वारले. त्यांचे वय एकतीस होते. निकालाची भाषा किती पोरकी होती हे त्या मृत्यूने दाखवून दिले.

मास्टर दीनानाथांविषयीही हाच पेच पडतो. १९१८ साली स्थापन झालेल्या बळवंत संगीत मंडळीत आणि विशेषतः १९२७ च्या 'रणदुंदुभी'त त्यांनी जे गाणे केले ते वीज कडाडल्यासारखे होते. अनपेक्षित स्वरांवर झेप, टप्प्याच्या अंगाची चपळ फिरत. यात चमत्काराचा भाग होता हे नाकारता येत नाही. परंतु तो चमत्कार आतून उमटलेला होता. तान कुठे जाणार हे प्रेक्षकाला ठाऊक नसे, आणि पुष्कळदा गाणाऱ्यालाही आधी ठाऊक नसावे. पोकळ चमत्कृती आणि खरी प्रतिभा यांतला भेद मला येथे सापडतो. पोकळ चमत्कृतीत धोका नसतो. तिचा शेवट आधी ठरलेला असतो.

१९३१ साली 'आलम आरा' आला, १९३२ साली प्रभातचा 'अयोध्येचा राजा'. या बोलपटाच्या संगीताची धुरा आणि हरिश्चंद्राची भूमिका दोन्ही गोविंदराव टेंब्यांकडे होत्या, ही नियतीची गंमत म्हणावी लागेल. ज्याने 'मानापमान'च्या चाली देऊन संगीत नाटकाला नवे वळण दिले तोच त्याच्या प्रतिस्पर्ध्याच्या दारात उभा होता. बोलपटाने देखाव्याची शर्यत एका झटक्यात संपवली. रंगवलेला डोंगर कितीही सुरेख असो, पडद्यावरच्या खऱ्या डोंगरापुढे तो हरणारच. चार आण्यांत मयसभा मिळू लागल्यावर नाटक कंपनीच्या मयसभेला कोण विचारणार?

रंगभूमीने याला जी उत्तरे शोधली ती विचार करण्यासारखी आहेत. १९३३ साली नाट्यमन्वंतरने 'आंधळ्यांची शाळा' केले. वास्तववादी मांडणी, स्त्रीभूमिकेत स्त्रिया, आणि केशवराव भोळ्यांनी चाली दिलेली मोजकी, भावगीताच्या वळणाची गाणी. ज्योत्स्ना भोळे त्यात गायल्या. देखावाही कमी आणि गायकीचा विस्तारही कमी. नाटकाने नाटक व्हावे हा आग्रह. तो आग्रह योग्यच होता, पण त्यामुळे संगीत नाटकाच्या संसारातून ख्यालाचे ते प्रशस्त दालन वेगळे निघाले, हेही खरे.

स्वतः बालगंधर्वांनी बोलपटाची वाट धरून पाहिली. गंधर्व मंडळी बंद पडल्यावर १९३५ साली प्रभातच्या 'धर्मात्मा'त ते एकनाथांच्या, म्हणजे पुरुषाच्या, भूमिकेत दिसले. १९३७ च्या 'साध्वी मीराबाई'त बाबूराव पेंटरांनी त्यांना पुन्हा स्त्रीवेशात चित्रित केले, तोही प्रयत्न फसला. कारण उघड आहे. नाटकगृहात दहाव्या रांगेतून दिसणारी भामिनी ही प्रेक्षकाच्या डोळ्यांनी आणि कानांनी मिळून घडवलेली असे. कॅमेरा तेवढी कल्पना करीत नाही. तो गालाची हाडे दाखवतो. आवाजाने रूपावर टाकलेली मोहिनी त्याला दिसत नाही.

आणि मग आला त्यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध, जो आमच्या प्रश्नाची जणू प्रयोगशाळाच आहे. मंडळी पुन्हा उभी राहिली, पुढे गोहरबाई कर्नाटकी तीत आल्या. पन्नाशी ओलांडल्यावरही बालगंधर्व स्त्रीवेशात उभे राहत. शालू होता, पण तो ज्या देहावर शोभावा तो देह राहिला नव्हता. अत्तर कधीच उडून गेले होते, गालिचे सावकारांकडे गेले होते. पुढे पायही अधू झाले. देखाव्याची एकेक वस्तू काळाने काढून घेतली आणि उरले ते गाणे. लोक आले का? आले. पूर्वीच्या गर्दीने नव्हे, पण आले. भजनांना बसले, रडले. माझ्या आधीच्या पिढीतल्या अनेकांनी बालगंधर्व ऐकले ते याच काळात, आणि ते सांगत की डोळे मिटून ऐकायचे.

'डोळे मिटून' या शब्दांत आमचा सारा विषय आला आहे. यावरून शेवटी गाणे जिंकले असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. पण थोडे थांबावे. मिटलेल्या डोळ्यांपुढे त्यांना काय दिसत होते? १९१६ ची रुक्मिणी. प्रत्यक्ष पाहिलेली, किंवा वडिलांच्या तोंडून ऐकलेली. देखावा रंगमंचावरून हटला होता, पण श्रोत्याच्या आत तो शाबूत होता, आणि गाणे त्याला पुन्हा उजळत होते. तेव्हा जिंकण्या-हरण्याची भाषा येथेही पोरकीच ठरते. एवढे मात्र म्हणता येईल की गाण्याने देखावा परत उभा केला. केवळ देखाव्याने गाणे परत उभे राहिले असे कधी घडलेले नाही.

१५ जुलै १९६७ रोजी बालगंधर्व गेले. त्याच वर्षाच्या अखेरीस, डिसेंबरात, 'कट्यार काळजात घुसली' आले. पुरुषोत्तम दारव्हेकरांचे नाटक, जितेंद्र अभिषेकींचे संगीत आणि वसंतराव देशपांड्यांचे खाँसाहेब. या नाटकाचा विषयच गायकी हा होता. विद्या कोणाची, ती अहंकाराने वाढते की समर्पणाने, तानेतला पराक्रम खरा की स्वरातला भाव खरा. संगीत रंगभूमीने आपलाच जुना वाद आपल्याच रंगमंचावर मांडला, असे मला नेहमी वाटत आले आहे.

अलीकडच्या काळात दोन चित्रपटांनी हा इतिहास नव्या पिढीपुढे ठेवला. २०११ चा 'बालगंधर्व' आणि २०१५ चा 'कट्यार काळजात घुसली'. दोन्ही देखणे आहेत आणि दोन्हींनी अनेक तरुणांना नाट्यसंगीताच्या दारापर्यंत आणले, याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. 'बालगंधर्व'मध्ये पडद्यावर सुबोध भावे दिसतात आणि आवाज आनंद भाटे यांचा आहे. दोघांनीही आपापले काम उत्तम केले आहे. पण एका माणसाचे काम करायला दोघे लागले, आणि तंत्राच्या सोयीने आपण नकळत भाव्यांच्या सूत्रधाराकडे परतलो. बघायचे एकाकडे, ऐकायचे दुसऱ्याचे. १८८० साली जोडलेली खाती पुन्हा वेगळी झाली.

आता त्या कार्यक्रमाकडे परत येतो, जिथे वन्स मोअर देता आला नाही. शेजारच्या ज्येष्ठ रसिकांची तक्रार मला मान्य नाही, पण त्यांची व्यथा मान्य आहे. चूक एवढीच की त्यांनी बोट रोषणाईकडे दाखवले. गंधर्व मंडळीत रोषणाई कमी नव्हती. फरक वेगळ्या ठिकाणी होता. मयसभेचा पडदा एकदा उभा राहिला की तो गप्प असे. तो गाणाऱ्याला घाई करीत नसे. पद पाच मिनिटांचे करायचे की पंचवीस, एखाद्या शब्दाशी किती वेळ रेंगाळायचे, हे त्या रात्री त्या गळ्याने आणि त्या समोरच्या माणसांनी ठरवायचे. थिरकवा ते ऐकत आणि त्यांचा ठेका त्याप्रमाणे वळे. सगळा थाटमाट गाण्याची वाट पाहत उभा राहू शकत होता. आज दिवा, चित्र आणि आधी मुद्रित केलेला वाद्यमेळ एका घड्याळाला बांधले जातात तेव्हा गाणे थाटमाटाची वाट पाहू लागते. गायिकेला ती जागा पुन्हा घ्यावीशी वाटली तरी घेता येत नाही, चुकण्याचीही मुभा नाही, आणि जिथे चुकण्याची मुभा नाही तिथे नवे सुचण्याचीही नाही.

म्हणून कार्यक्रम किती झगमगीत होता, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. विचारायचे ते एवढेच, की आज रात्री येथे असे काही घडू शकले असते का, जे काल ठरलेले नव्हते? वन्स मोअरला होकार देण्याची सोय नसेल, तर पडदा साधा असो की प्रकाशाचा, आपण गाणे ऐकले नाही. फक्त पाहिले.